समितीवरचे नाव कोण लिहितो आणि कोण खोडतो

संसदेच्या समित्यांची पुनर्रचना झाली की लोकसभेच्या बुलेटिनच्या दुसऱ्या भागात नावांच्या लांबलचक याद्या प्रसिद्ध होतात. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत त्यांतली दहा-बारा नावे येतात, तीही बहुधा अध्यक्षांचीच. कोणत्या पक्षाला किती अध्यक्षपदे मिळाली याचा हिशेब मांडला जातो आणि विषय तिथेच संपतो. बाकीची शेकडो नावे त्या यादीत कशी आली, ती कोणी सुचवली, कोणाचे नाव गेल्या वर्षी होते आणि यंदा नाही, याची चौकशी क्वचितच होते. कायद्याच्या मसुद्यातील कलमे आणि मंत्रालयांच्या अनुदानाच्या मागण्या बारकाईने पाहण्याचे बरेचसे काम या समित्यांच्याच बैठकांत होत असल्यामुळे त्या बैठकांत कोण बसतो हा प्रश्न मला सभागृहातल्या भाषणांपेक्षा अधिक महत्त्वाचा वाटत आला आहे.

हा प्रश्न भारतात एका विशेष कारणाने टोकदार होतो. १९८५ साली ५२व्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदीचा कायदा आला. त्यानुसार सभागृहात पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्या सदस्याचे सदस्यत्वच जाऊ शकते. हे बंधन सभागृहातील मतदानापुरते आहे. समितीत मांडलेल्या मताला किंवा तिथे लेखी नोंदवलेल्या भिन्न मताला ते लागू होत नाही. शिवाय स्थायी समित्यांच्या बैठका बंद दाराआड होतात, कॅमेरे नसतात, त्यामुळे तिथे सत्तारूढ पक्षाचा खासदारही सचिवांना अडचणीचे प्रश्न विचारू शकतो, आणि विचारतोही. म्हणजे समितीत पक्षनेतृत्वाच्या हाती आदेशाचे हत्यार उरत नाही. उरते ते एवढेच की समितीवर कोणाला पाठवायचे आणि कोणाला परत बोलवायचे.

नाव यादीत येण्यापूर्वी तीन निर्णय झालेले असतात: कोणत्या पक्षाला किती जागा, त्या जागांवर पक्षातले कोण, आणि त्यांतून अध्यक्ष कोण. जवळपास सर्व संसदांत हे तीन निर्णय कोणत्या ना कोणत्या रीतीने घ्यावेच लागतात. चौथा निर्णय, म्हणजे बसवलेल्याला उठवण्याचा अधिकार कोणाचा, हा मात्र नियमांच्या पुस्तकात आडबाजूला पडलेला असतो. माझ्या मते बाकीच्या तिन्ही निर्णयांचा खरा अर्थ त्याच्यावरून ठरतो.

पहिला निर्णय बराचसा अंकगणिताचा आहे. सभागृहातील संख्याबळाच्या प्रमाणात समितीतल्या जागा वाटायच्या, हे तत्त्व बहुतेक ठिकाणी मान्य आहे. भारतात मंत्रालयांच्या कामावर नजर ठेवणाऱ्या विभागीय स्थायी समित्या १९९३ साली १७ होत्या आणि प्रत्येकीत ४५ सदस्य होते. २००४ मध्ये त्यांची संख्या २४ झाली आणि सदस्यसंख्या ३१ वर आली, त्यांपैकी २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. गुणाकार करून पाहिला तर पूर्वीच्या जागा ७६५ होतात आणि आताच्या ७४४. समित्या वाढल्या, पण एकूण जागा जवळपास तेवढ्याच राहिल्या. आताच्या जागांपैकी लोकसभेच्या वाट्याला ५०४ येतात आणि राज्यसभेच्या वाट्याला २४०. मंत्री या समित्यांवर बसू शकत नाहीत, ते वगळले की सरासरीने प्रत्येक खासदाराला एक जागा मिळते. त्यामुळे आपल्याकडे समितीवर असणे हा फारसा दुर्मीळ मान नाही. चुरस असते ती कोणती समिती मिळते यासाठी. अर्थ, गृह, संरक्षण, परराष्ट्र व्यवहार या समित्यांकडे सर्वांचे डोळे असतात. इतर समित्यांच्या वाट्याला तेवढे लक्ष येत नाही.

समिती जितकी लहान तितका अंकगणिताचा अन्याय मोठा. लोकसभेच्या २१ जागांचा हिशेब केला तर एका जागेमागे सुमारे २६ सदस्य येतात. मग तीन-चार खासदारांच्या पक्षाने कुठे जावे? विभागीय समित्यांत जागाच पुष्कळ असल्याने त्याला कुठे तरी सामावून घेता येते. एकट्या समितीत ते जमत नाही. २०२४ च्या डिसेंबरमध्ये एकाच वेळी निवडणुका घेण्यासंबंधीच्या विधेयकांसाठी संयुक्त समिती नेमायची ठरली तेव्हा आधी ३१ सदस्यांचा प्रस्ताव होता. आणखी पक्षांना जागा देता यावी म्हणून तो वाढवत ३९ वर न्यावा लागला, २७ लोकसभेचे आणि १२ राज्यसभेचे. जर्मनीच्या संसदेत, म्हणजे बुंडेस्टागमध्ये, अपूर्णांक कसे पूर्ण करायचे याचे गणिती सूत्रच ठरलेले आहे आणि समित्यांची अध्यक्षपदेही त्याच क्रमाने पक्षगटांना मिळतात. गटांत समझोता झाला नाही तर ज्याची पाळी येईल त्याने उरलेल्यांतली एक समिती उचलायची. युरोपीय संसदेतही गटांच्या वाट्याची अध्यक्षपदे अशाच सूत्राने काढली जातात.

हे अंकगणित निरुपद्रवी दिसते, पण ज्याच्या हाती साध्या बहुमताचे बळ आहे तो ते वाकवू शकतो. ब्रिटनमध्ये २०१७ च्या जूनमधील निवडणुकीत पंतप्रधान थेरेसा मे यांच्या पक्षाचे बहुमत गेले. सभागृहात बहुमत नसेल तर विधेयकांच्या समित्यांतही ते नसावे, हे उघड होते. तरीही सप्टेंबरमध्ये सरकारने एक प्रस्ताव मंजूर करून घेतला आणि समित्यांची नावे ठरवणाऱ्या निवड समितीत स्वतःचे बहुमत राखले. प्रस्तावाला मित्रपक्षाची मते मिळाली, त्यामुळे नियमाच्या दृष्टीने काही वावगे नव्हते.

दुसरा निर्णय पक्षाच्या आत होतो, आणि इथे कागदावरची पद्धत व प्रत्यक्षातली पद्धत यांत मोठे अंतर आहे. आपल्या तीन वित्तीय समित्या, म्हणजे लोकलेखा समिती, अंदाज समिती आणि सार्वजनिक उपक्रम समिती, निवडणुकीने बनतात. लोकलेखा आणि सार्वजनिक उपक्रम या समित्यांत २२ सदस्य असतात, १५ लोकसभेचे आणि ७ राज्यसभेचे. अंदाज समितीत ३० आणि सगळे लोकसभेचे. निवडणूक प्रमाणशीर प्रतिनिधित्वाच्या तत्त्वाने, एकल संक्रमणीय मताच्या पद्धतीने व्हावी असा नियम आहे. वाचायला हे फार लोकशाहीचे वाटते. प्रत्यक्षात प्रत्येक पक्ष आपल्या वाट्याला येतील तेवढेच अर्ज भरतो, जागा आणि उमेदवार सारखेच राहतात आणि सर्वजण बिनविरोध निवडून आल्याचे जाहीर होते. मतपेटीची वेळ क्वचितच येते. विभागीय स्थायी समित्यांत निवडणुकीचा देखावाही नाही: लोकसभाध्यक्ष आणि राज्यसभेचे सभापती सदस्यांचे नामनिर्देशन करतात. ही नावे पक्षांच्या नेत्यांकडून आणि प्रतोदांकडून आलेली असतात. सदस्य आपली पसंती कळवतो. ती किती मानायची हे पक्ष ठरवतो.

पक्ष कोणत्या कसोटीवर माणूस निवडतो? विषयाचे ज्ञान ही एक कसोटी आहे, पण ती एकटी कधीच नसते. मतदारसंघाची गरज, प्रदेशांचा समतोल, ज्येष्ठता, नाराज नेत्याची समजूत, मंत्रिपद न मिळालेल्याची भरपाई, आणि कधी कधी शिक्षाही. शिक्षेचे एक बोलके उदाहरण अमेरिकेचे आहे. १९६८ साली शर्ली चिझम या प्रतिनिधिगृहात निवडून आलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला झाल्या. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधून आलेल्या या सदस्येला कृषी समितीवर नेमण्यात आले, तेही वनक्षेत्र आणि ग्रामीण वस्त्यांशी संबंधित कामासाठी. नव्या सदस्याने मिळेल ते निमूटपणे घ्यावे अशी तिथली रीत होती; चिझम यांनी ती मोडली, उघड हरकत घेतली आणि माजी सैनिकांच्या समितीवर बदली मिळवली. त्याच देशाच्या सिनेटमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे नेते लिंडन जॉन्सन यांनी १९५३ पासून असा पायंडा पाडला होता की प्रत्येक नवख्या सदस्याला एक चांगली समिती मिळाल्याशिवाय ज्येष्ठांना दुसरी मिळायची नाही. यात उदारपणा होता आणि हिशेबही: ज्याला पहिल्याच वर्षी वजनदार समिती मिळाली तो देणाऱ्याचे उपकार विसरत नाही.

विषयाचे ज्ञान असलेला सदस्य निवडताना एक अडचण उभी राहते, तिची चर्चा व्हावी तितकी होत नाही. ज्याला एखाद्या व्यवसायाची आतून माहिती असते त्याचे त्या व्यवसायात पुष्कळदा हितसंबंधही असतात. डॉक्टर आरोग्याच्या समितीवर असावा हे पटते. रुग्णालयांचा मालक असावा का, इथे मन कचरते. लोकसभेच्या नियमांत यासाठी तरतूद आहे. एखाद्या सदस्याचा समितीपुढील विषयात वैयक्तिक, आर्थिक किंवा प्रत्यक्ष हितसंबंध असेल तर त्याच्या समावेशाला हरकत घेता येते आणि लोकसभाध्यक्षांचा निर्णय अंतिम असतो. पण हरकत घ्यायला आधी माहिती हवी, आणि हरकत घेणाऱ्याला स्वतःच्या पक्षातील तशाच सदस्याची काळजी नसावी लागते. ही तरतूद जवळपास शोभेची राहिली आहे असे माझे मत आहे.

तिसरा निर्णय अध्यक्षाचा. लोकलेखा समितीचा इतिहास इथे उपयोगी पडतो. ही समिती १९२१ साली, माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनंतर अस्तित्वात आली आणि तिचे अध्यक्षपद सरकारच्या वित्त सदस्याकडेच होते. ज्याच्या खात्याचा हिशेब तपासायचा तोच तपासणाऱ्यांचा प्रमुख. राज्यघटना लागू झाल्यावर, १९५० मध्ये, दादासाहेब मावळंकर सभागृहाचे अध्यक्ष असताना समिती संसदेच्या अखत्यारीत आली आणि मंत्र्यांना तिच्यावर बसण्यास बंदी झाली. तरीही पुढची सतरा वर्षे तिचे अध्यक्ष सत्तारूढ पक्षाचेच राहिले. १९६७ मध्ये स्वतंत्र पक्षाचे मिनू मसानी अध्यक्ष झाले आणि तेव्हापासून हे पद विरोधी पक्षाकडे देण्याची प्रथा आहे. प्रथा, नियम नव्हे; नियम एवढाच की समितीच्या सदस्यांपैकी एकाला लोकसभाध्यक्ष अध्यक्ष नेमतील. फ्रान्समध्ये अशीच प्रथा २००७ साली वित्त समितीपुरती सुरू झाली आणि दोनच वर्षांत राष्ट्रीय सभेच्या नियमांत तिला स्थान मिळाले. आपल्याकडे अर्धशतक उलटूनही ते झालेले नाही, आणि जे लिहिलेले नाही ते मोडायलाही वेळ लागत नाही. परराष्ट्र व्यवहारांच्या स्थायी समितीचे अध्यक्षपद विरोधकांकडे असावे असा संकेत होता. २०१९ मध्ये तो बाजूला पडला आणि २०२४ मध्ये ते पद पुन्हा विरोधी पक्षाकडे, शशी थरूर यांच्याकडे आले. दोन्ही वेळा ठरवणारे सत्तारूढ बाजूचेच होते.

विरोधी अध्यक्ष असला म्हणजे समिती विरोधकांची होते असेही नाही. २०११ मध्ये लोकलेखा समितीचे अध्यक्ष मुरली मनोहर जोशी यांनी टू-जी स्पेक्ट्रमसंबंधी अहवालाचा मसुदा तयार केला. एप्रिलमधील बैठकीत २१ पैकी ११ सदस्यांनी तो फेटाळला; अध्यक्ष बैठक सोडून गेल्यावर उरलेल्यांनी आपल्यातलाच एक अध्यक्षही निवडून टाकला. पुढे जोशींनी अहवाल लोकसभाध्यक्षांकडे दिला आणि तो परत आला. पद एका बाजूला आणि डोकी दुसऱ्या बाजूला असली की असे होते.

या तिन्ही निर्णयांवर पक्षनेतृत्वाची पकड ढिली करण्याचा सर्वांत विचारपूर्वक प्रयत्न ब्रिटनमध्ये झाला, आणि त्याची सुरुवात एका खोडलेल्या नावापासून झाली. तिथे मंत्रालयनिहाय चौकशी समित्या १९७९ पासून आहेत. सदस्यांची नावे निवड समिती सुचवत असे आणि ती समिती प्रतोदांच्या मुठीत असे. २००१ च्या जुलैमध्ये आलेल्या यादीतून वाहतूक समितीच्या ग्वेनेथ डनवुडी आणि परराष्ट्र व्यवहार समितीचे डोनाल्ड अँडरसन ही दोन नावे गायब होती. दोघेही सत्तारूढ मजूर पक्षाचे, दोघेही अध्यक्ष, आणि दोघांनीही आधीच्या काळात सरकारला सुखाने बसू दिले नव्हते. एरवी अशी यादी चर्चेशिवाय मंजूर होते. त्या दिवशी मजूर पक्षाच्याच शंभराहून अधिक सदस्यांनी तिच्याविरुद्ध मत दिले, यादी फेटाळली गेली आणि दोघेही आपापल्या जागी परतले.

मला या प्रसंगात सर्वांत महत्त्वाची वाटते ती एक तांत्रिक बाब: यादी सभागृहापुढे मंजुरीसाठी ठेवावी लागत होती. नावे कोणीही ठरवोत, शेवटी ती प्रस्तावाच्या रूपात उघड्यावर येत आणि त्यावर मत घेता येई. आपल्याकडे नामनिर्देशन बुलेटिनमधून केवळ कळवले जाते. डनवुडींसारखे नाव वगळले गेले तर आपल्या सभागृहाला त्यावर मत देण्याची जागाच नाही.

पुढची आठ-नऊ वर्षे तिथे सुधारणेची चर्चा चालली. २००२ मधला एक प्रस्ताव पडला. मग २००९ मध्ये खासदारांच्या खर्चाच्या दाव्यांचे प्रकरण उघडकीस आले, संसदेची पत घसरली, आणि टोनी राइट यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशी २०१० च्या मार्चमध्ये स्वीकारल्या गेल्या. आता कोणत्या समितीचे अध्यक्षपद कोणत्या पक्षाला हे आधी ठरते, पण त्या पक्षातला कोण हे संपूर्ण सभागृह गुप्त मतदानाने ठरवते. अध्यक्ष होऊ पाहणाऱ्याला त्यामुळे विरोधी बाकांवरचीही मते मागावी लागतात. सामान्य सदस्यांची निवड पक्ष आपल्या आत, गुप्त मतदानानेच करतात. पक्षनेत्याची मर्जी गेली तर मंत्रिपद जाते, समितीचे अध्यक्षपद जात नाही, आणि त्यामुळे मंत्रिपदाला पर्याय असा एक स्वतंत्र राजकीय मार्ग तयार झाला. २०१० मध्ये लोकलेखा समितीवर मार्गारेट हॉज निवडून आल्या आणि त्यांनी बड्या कंपन्यांच्या करचुकवेगिरीवर घेतलेल्या सुनावण्या बरेच दिवस गाजल्या. त्यांच्या स्वभावाचा वाटा त्यात असेलच, पण ज्याला नेमणाऱ्याची भीती नाही त्याच्या प्रश्नांना धार येणे स्वाभाविक आहे.

ही व्यवस्था गुप्तचर व सुरक्षा समितीला मात्र लागू नाही. तिचे नऊ सदस्य पंतप्रधानांनी सुचवायचे, दोन्ही सभागृहांनी नेमायचे आणि अध्यक्ष सदस्यांनीच आपल्यातून निवडायचा, असे २०१३ च्या कायद्यात आहे. २०२० च्या जुलैमध्ये बोरिस जॉन्सन यांच्या सरकारला ख्रिस ग्रेलिंग अध्यक्ष हवे होते. त्याच पक्षाचे ज्युलियन लुइस यांनी विरोधी सदस्यांशी हातमिळवणी केली आणि तेच अध्यक्ष झाले. पक्षाने त्याच दिवशी त्यांना संसदीय पक्षातून काढले. समितीतून मात्र त्यांना काढता आले नाही, कारण त्यासाठी सभागृहाचा ठराव लागला असता. वर्ष संपण्यापूर्वी पक्षाने त्यांना परतही घेतले. नेमणारा पंतप्रधान होता, तरीही समितीची स्वायत्तता टिकली. कारण नेमणूक आणि हकालपट्टी हे दोन अधिकार एका हाती नव्हते.

याच्या उलट टोकाला अमेरिकेची जुनी पद्धत होती, तिने निवडीचा प्रश्नच बाद करून टाकला होता. विसाव्या शतकाच्या आरंभी प्रतिनिधिगृहाचे अध्यक्ष जोसेफ कॅनन सर्व समित्या स्वतः नेमत. १९१० मध्ये जॉर्ज नॉरिस यांच्या पुढाकाराने त्यांच्याच पक्षातील काहींनी बंड करून त्यांना कामकाज ठरवणाऱ्या नियम समितीवरून दूर केले आणि पुढच्या वर्षी समित्या नेमण्याचा अधिकारही त्या पदाकडून गेला. त्यानंतर ज्येष्ठतेचा दंडक पक्का झाला: समितीत ज्याची सलग सेवा सर्वांत जास्त तो अध्यक्ष. आता कोणाची मर्जी सांभाळायची गरज राहिली नाही, आणि कोणाला जाब देण्याचीही नाही. दक्षिणेकडील राज्यांतून वर्षानुवर्षे बिनधोक निवडून येणारे सदस्य आपोआप अध्यक्ष होत गेले आणि नागरी हक्कांची विधेयके दाबून बसले. नियम समितीचे हॉवर्ड स्मिथ आणि सिनेटच्या न्याय समितीचे जेम्स ईस्टलंड ही त्यातली ठळक नावे. काढता न येणारा अध्यक्ष स्वतंत्र असतो खरा, पण त्या स्वातंत्र्याचा उपयोग कशासाठी होईल याची हमी कोण देणार? शेवटी १९७५ च्या जानेवारीत डेमोक्रॅटिक सदस्यांच्या बैठकीने राइट पॅटमन, विल्यम पोग आणि एडवर्ड हेबर्ट या तीन वयोवृद्ध अध्यक्षांना मतदान करून हटवले. वॉटरगेटनंतर निवडून आलेल्या तरुण सदस्यांचा त्यात मोठा हात होता.

म्हणून काढण्याचा अधिकार नसावा असे मी म्हणत नाही. तो कोणाच्या हाती असावा आणि किती उघडपणे वापरावा, एवढाच प्रश्न आहे. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये बुंडेस्टागच्या कायदाविषयक समितीने आपले अध्यक्ष, कडव्या उजव्या विचारांच्या एएफडी पक्षाचे स्टेफान ब्रांडनर, यांना मतदानाने पदच्युत केले. असे पूर्वी कधी झाले नव्हते. २०२१ मध्ये त्या पक्षाच्या वाट्याला तीन समित्यांची अध्यक्षपदे आली, पण सदस्यांनी त्याचे उमेदवार निवडून दिले नाहीत. प्रकरण घटनात्मक न्यायालयात गेले आणि २०२४ च्या सप्टेंबरमध्ये पक्षाच्या तक्रारी फेटाळल्या गेल्या. मला तो पक्ष आवडत नाही, तरी संख्येने मिळालेला वाटा बहुमताने अडवता येतो हे पाहून थोडे अस्वस्थ व्हायला होते. अमेरिकेतही सदस्याला समितीतून काढण्याचे काम पूर्वी बहुधा त्याचा पक्षच करी. २०२१ मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या मार्जोरी टेलर ग्रीन यांना २३० विरुद्ध १९९ मतांनी सभागृहानेच काढले, आणि २०२३ मध्ये पारडे फिरल्यावर डेमोक्रॅटिक पक्षाच्या इल्हान ओमार यांना परराष्ट्र व्यवहार समितीतून २१८ विरुद्ध २११ मतांनी. एकदा पडलेला पायंडा दुसऱ्याच्या हाती जायला दोन वर्षे पुरली. तरीही या सर्व घटनांत मतदान झाले, आकडे नोंदले गेले, कोणी कोणाला काढले हे जगाला दिसले.

आपल्याकडे असा प्रसंग येतच नाही, कारण त्याची गरज पडत नाही. स्थायी आणि वित्तीय समित्यांच्या सदस्यांची मुदत एक वर्षाची आहे. दर वर्षी यादी नव्याने निघते. नको झालेले नाव त्यात येत नाही आणि त्याला हकालपट्टी म्हणता येत नाही. २०२२ च्या ऑक्टोबरमधील पुनर्रचनेत गृह समितीचे अध्यक्षपद काँग्रेसचे अभिषेक मनु सिंघवी यांच्याकडून आणि माहिती तंत्रज्ञान समितीचे अध्यक्षपद शशी थरूर यांच्याकडून गेले. तृणमूल काँग्रेसकडे एकही अध्यक्षपद उरले नाही. अध्यक्ष बदलले म्हणून निदान बातमी तरी झाली. साधा सदस्य एका समितीतून दुसरीत गेला तर ते त्याच्या मतदारसंघालाही कळत नाही. शिवाय वर्षभरात विषय समजून घ्यायचा तर अर्थसंकल्पाच्या मागण्या तपासण्यातच काही महिने जातात; २०२४ मध्ये तर जूनमध्ये लोकसभा अस्तित्वात येऊनही समित्या २६ सप्टेंबरला स्थापन झाल्या. मुदत दोन वर्षांची करावी अशी मागणी अधूनमधून होते. राज्यसभेचे एक तृतीयांश सदस्य दर दोन वर्षांनी निवृत्त होत असल्याने तिथे काही जागा मध्येच रिकाम्या होतील, पण त्या तर आताही होतात.

कोणत्याही गटात नसलेल्या सदस्याचे काय, हा एक बारीक प्रश्न उरतो. जर्मनीत थोमास व्युपेझाल हे ग्रीन पक्षाच्या गटाबाहेर पडलेले सदस्य समितीतील जागेसाठी न्यायालयात गेले. १९८९ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की अशा सदस्यालाही एखाद्या समितीत बसण्याचा, बोलण्याचा आणि प्रस्ताव मांडण्याचा हक्क आहे. मताचा मात्र नाही, कारण एकट्याच्या मताने समितीतले पक्षांचे प्रमाण बिघडेल. आपल्याकडे अपक्षांचे नाव पीठासीन अधिकारी स्वतः घालतात, आणि तिथे पूर्ण मताधिकारही मिळतो. गटनेता नसल्यामुळे त्याचे नाव पुढच्या वर्षी खोडण्याची घाई कोणाला नसते. निदान या एका बाबतीत आपली रीत अधिक मोकळी आहे.

मुदत वाढवली तरी नाव कोण खोडतो हा प्रश्न सुटणार नाही, तो दोन वर्षांनी येईल इतकेच. त्यापेक्षा संयुक्त संसदीय समितीची पद्धत मला अनुकरणीय वाटते. तिथे समिती सभागृहाच्या प्रस्तावाने बनते, सदस्यांची नावे प्रस्तावातच असतात आणि काम संपेपर्यंत समिती टिकते. २००३ मध्ये शीतपेयांतील कीटकनाशकांच्या चौकशीसाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद तर शरद पवार यांच्याकडे, म्हणजे विरोधी बाकांवर होते. स्थायी समित्यांच्या याद्याही अशाच प्रस्तावाच्या रूपात सभागृहापुढे आल्या तर वगळलेल्या नावाबद्दल उभे राहून विचारता तरी येईल. त्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही, कामकाजाचे नियम बदलले की पुरते. लोकसभेत ते बदल सुचवण्याचे काम नियम समितीकडे आहे. तिचे सदस्य पंधरा, लोकसभाध्यक्षांनी नामनिर्देशित केलेले, आणि अध्यक्षस्थानी पदसिद्ध अधिकाराने लोकसभाध्यक्षच.